मिदोरीचे काय झाले? : 'ताकेकुराबे'वरील १९८५ चा वाद आणि एकोणिसाव्या शतकातील जपानी साहित्याचे अध्यापन

१९८५ साली जपानी साहित्याच्या अभ्यासकांमध्ये एका प्रश्नावरून मोठा वाद झाला. हिगुची इचियो या लेखिकेच्या नव्वद वर्षांपूर्वीच्या 'ताकेकुराबे' या दीर्घकथेतील मिदोरी ही चौदा वर्षांची मुलगी एका दिवसात खेळणे-बागडणे सोडून अबोल का होते, हा तो प्रश्न. वादाच्या एका बाजूला तोक्योच्या रिक्क्यो विद्यापीठातील प्राध्यापक माएदा आई (१९३१–१९८७) होते. एदोकाळाचा शेवट आणि मेइजीकाळाचा आरंभ या, म्हणजे १८६८ च्या सुमाराच्या, संधिकाळातील साहित्याच्या अभ्यासात त्यांचा शब्द तेव्हा प्रमाण मानला जात असे. दुसऱ्या बाजूला वयाने ऐंशी गाठलेल्या कादंबरीकार साता इनेको (१९०४–१९९८) होत्या. त्या विद्यापीठीय अभ्यासक नव्हत्या, पण लहान वयात कारखान्यात मजुरी केलेल्या आणि पुढे कामगारवर्गाच्या साहित्यातून नावारूपाला आलेल्या लेखिका होत्या. हे प्रकरण वरवर पाहता एका कथेच्या एका तपशिलापुरते आहे. तरीही एकोणिसाव्या शतकातील जपानी साहित्याचा अभ्यास कसा करावा आणि ते वर्गात कसे शिकवावे, याबद्दल जितके या वादातून शिकता येते, तितके त्या काळाचा सगळा इतिहास सांगणाऱ्या एखाद्या जाड ग्रंथातून शिकता येत नाही, असे माझे मत आहे.

लेखिका आणि कथा

हिगुची इचियो यांचा जन्म १८७२ चा. शालेय शिक्षणाचा देशव्यापी कायदा त्याच वर्षी आला आणि वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या 'मुक्ती'चा सरकारी आदेशही त्याच वर्षी निघाला. या दोन्ही गोष्टी पुढे त्यांच्या कथेत येऊन मिळतात. १८८९ मध्ये वडील वारल्यावर आई आणि धाकट्या बहिणीचा भार इचियोंवर पडला. शिवणकाम करून भागेना, तेव्हा जुलै १८९३ मध्ये त्या तोक्योतील ऱ्यूसेन्जी या वस्तीत राहायला गेल्या आणि पुढच्या महिन्यात त्यांनी तिथे किरकोळ सामानाचे आणि मुलांच्या खाऊचे छोटे दुकान काढले. तोक्योतील परवानाधारक वेश्यावस्ती योशिवारा या दुकानापासून हाकेच्या अंतरावर होती. दुकान चालले नाही आणि मे १८९४ मध्ये त्यांनी ती वस्ती सोडली. मात्र दुकानात येणारी मुले, त्यांची भांडणे, त्यांच्या तोंडची गाणी आणि वेश्यावस्तीच्या कमाईवर पोट भरणाऱ्या घरांचे व्यवहार त्यांनी जवळून पाहिले होते. 'ताकेकुराबे' ही कथा त्यातून उभी राहिली. 'बुंगाकुकाई' मासिकात जानेवारी १८९५ ते जानेवारी १८९६ या काळात ती सात हप्त्यांत, मध्ये खंड पडत, प्रसिद्ध झाली आणि एप्रिल १८९६ मध्ये 'बुंगेई कुराबु'त एकत्र छापली गेली. मोरी ओगाई, कोदा रोहान आणि साइतो ऱ्योकु-उ या तिघा मान्यवर साहित्यिकांनी तिला मनापासून दाद दिली, विशेषतः ओगाईंनी. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला वयाच्या चोविसाव्या वर्षी इचियो क्षयाने गेल्या.

कथेचे सूत्र थोडक्यात असे. मिदोरी ही चौदा वर्षांची मुलगी आईवडिलांसोबत दाइकोकुया या वेश्यागृहाच्या मालकाच्या, वस्तीबाहेरच्या घरात राहते. तिची थोरली बहीण ओमाकी त्याच वेश्यागृहातील सर्वांत मोठी मागणी असलेली वेश्या आहे. मिदोरी हट्टी, उदार आणि दिलखुलास असून मुलांच्या टोळीत तिचा शब्द चालतो. तिला जवळचा असलेला शोता हा सावकारी करणाऱ्या आजीचा नातू आहे. विरुद्ध टोळीचा म्होरक्या चोकिची आहे आणि त्याच्या आग्रहाला बळी पडून त्याच्या बाजूला गेलेला शिन्न्यो हा बौद्ध मंदिरातील पुरोहिताचा मुलगा आहे. मिदोरीला शिन्न्योबद्दल ओढ वाटते, त्या ओढीचा तिला रागही येतो आणि दोघेही त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ऑगस्टमधल्या जत्रेच्या वेळी चोकिचीची टोळी हल्ला करते आणि चिखलाने भरलेली चप्पल मिदोरीच्या कपाळावर बसते. पुढे हिवाळ्याच्या तोंडावर 'तोरी नो इची'च्या बाजाराच्या दिवशी मिदोरी मोठ्या मुलींसारखा शिमादा पद्धतीचा अंबाडा घालून वेश्यावस्तीच्या बाजूने येताना शोताला दिसते, आणि त्या दिवसानंतर ती पूर्वीची मिदोरी राहत नाही. शेवटी कोणीतरी पहाटे दाराच्या जाळीतून कागदी नार्सिससचे फूल आत सरकवून जाते. शिन्न्यो धर्मशिक्षणासाठी गाव सोडतो, तो दिवस लगेच त्यानंतरचा असल्याचे ऐकू येते, आणि कथा संपते.

तोरी नो इचीच्या त्या दिवशी मिदोरीच्या आयुष्यात नेमके काय घडले, हे इचियो सांगत नाहीत. वाद झाला तो याच मौनावरून.

माएदांची पद्धत

माएदांनी या कथेवर १९७० च्या दशकात लिहिले आणि त्यांच्या इचियोविषयक ग्रंथात (१९७८) ते लेखन समाविष्ट झाले. त्यांच्या आधीपासूनच मिदोरीतील बदल हा प्रथम ऋतुप्राप्तीमुळे, म्हणजे आपल्याकडच्या शब्दात न्हाण आल्यामुळे झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जात होते. माएदांनी हे मत स्वीकारले, पण त्यांची खरी कामगिरी वेगळी आहे. ही कथा मुलांच्या काळाची आहे, असे त्यांनी दाखवले. त्या वस्तीतील मुलांचे वर्ष जत्रा, खेळ आणि बाजार यांनी मोजले जाते, तर मोठ्यांचे वर्ष कर्ज, व्याज, भाडे आणि गिऱ्हाइकांनी. पहिल्या काळातून दुसऱ्यात एकेका मुलाला ओढले जाते, शोताला सावकारीत, शिन्न्योला पुरोहितपणात आणि मिदोरीला योशिवारात, आणि मेइजी राज्याने आणलेली शाळा त्या ओढण्याला वेग देते. चोकिचीच्या मनात खासगी शाळेतला मुलगा म्हणून हिणवले गेल्याचा जो राग आहे, तो पूर्वीचे अभ्यासक मुलांचे भांडण म्हणून सोडून देत. माएदांच्या वाचनात शिक्षणव्यवस्थेने पाडलेली फूट म्हणून त्याला अर्थ येतो.

त्यांची पद्धत जुने नकाशे, वस्त्यांची रचना, छापखान्यांचा इतिहास आणि वाचण्याच्या सवयी यांवर उभी होती. १९६२ मध्ये त्यांनी मेइजीकाळात मोठ्याने वाचण्याकडून मनात वाचण्याकडे झालेल्या स्थित्यंतरावर लेख लिहिला. घरातील एकाने वर्तमानपत्र किंवा कथा वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, ही रीत कशी मागे पडली आणि एकटा, गप्प वाचक कसा तयार झाला, हे त्यांनी त्यात मांडले. १९७३ मध्ये त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ आला आणि १९८२ मध्ये शहरातील अवकाश आणि साहित्य यांवरचा. शहरावरच्या त्यांच्या निबंधांचे एक इंग्रजी संकलन २००४ मध्ये ड्यूक विद्यापीठाने प्रकाशित केले, त्यामुळे जपानी न येणाऱ्या अभ्यासकालाही त्यांच्या विचाराची चांगली ओळख होऊ शकते.

साता इनेको यांची शंका

'गुन्झो' या मासिकात १९८५ मध्ये साता इनेको यांनी जी शंका मांडली, तिचा गाभा असा होता. वेश्यावस्तीच्या दारात वाढलेली, बहिणीचे आयुष्य रोज पाहणारी मुलगी केवळ न्हाण आले म्हणून इतकी मोडून जाणार नाही. तिच्यावर गिऱ्हाइकाची पहिली वेळ आली, असे मानल्याशिवाय तिच्या वागण्याचा उलगडा होत नाही आणि कथेच्या शेवटालाही वजन येत नाही. माएदांनी त्याच वर्षी त्याच मासिकात उत्तर दिले आणि आपले मत कायम ठेवले. नंतर इतर अभ्यासकही वादात उतरले. दोनच वर्षांनी माएदांचे निधन झाले, त्यामुळे नंतरच्या टीकेला, विशेषतः स्त्रीवादी अभ्यासकांच्या टीकेला, त्यांचे उत्तर मिळू शकले नाही. ही उणीव आजही जाणवते.

प्राध्यापकाने नकाशे आणि नोंदी तपासल्या आणि कादंबरीकाराने स्वतःच्या जगण्यावरून बोलावे तसे बोलून टाकले, अशी या वादाची मांडणी कधी कधी होते. ती मला मान्य नाही. सातांचा प्रश्नही पाठाचाच, म्हणजे कथेच्या मूळ मजकुराचाच होता. वाचकाला कथेतील हा बदल कशामुळे पटतो, हे त्या विचारत होत्या, आणि पुरावा देण्याची जबाबदारी त्यांनी न्हाणाची बाजू घेणाऱ्यांवर टाकली.

पाठ काय म्हणतो

कथेची एकूण सोळा प्रकरणे आहेत आणि वादाचा निकाल लागणार असेल तर तो चौदा ते सोळा या प्रकरणांतूनच. चौदाव्या प्रकरणात मिदोरी शोताला सांगते, की अंबाडा आज सकाळी बहिणीच्या खोलीत घातला आणि मला तो मुळीच आवडलेला नाही. पंधराव्या प्रकरणाच्या आरंभी रस्त्यावरचे लोक तिच्याकडे वळून वळून पाहतात आणि तिला ते कौतुक थट्टेसारखे वाटते. तिथेच निवेदक म्हणतो, की तिच्या अंगावर काहीतरी दुःखाची, लाजेची, झाकून ठेवण्याची गोष्ट आलेली आहे. घरी गेल्यावर ती पांघरूण घेऊन पडून राहते. कोणी बोलू नये, कोणी तोंडाकडे पाहू नये, अंधाऱ्या खोलीत एकटे राहावे, नेहमी बाहुल्या आणि कागदी बाहुलाबाहुलीशी भातुकली खेळत राहावे, असे तिला वाटते. मोठे होणे नकोच, सात महिने, दहा महिने, वर्षभर मागे जाता आले तर, असे तिच्या मनात येते. शोता विचारत राहतो आणि ती त्याला घालवून देते. आईच्या चेहऱ्यावर मात्र एक विचित्र हसू आहे. थोड्या दिवसांनी बरी होईल, नेहमीचाच हट्टीपणा आहे, असे ती म्हणते.

हे हसू न्हाणाच्या बाजूने बोलते. मुलीवर नुकताच असा प्रसंग आला असता आई त्याला हट्टीपणा म्हणणार नाही, असा एक युक्तिवाद करता येतो आणि तो मला बळकट वाटतो. दुसरा आधार कायद्याचा आहे. मिदोरी चौदा वर्षांची आहे ती जुन्या जपानी मोजणीने, म्हणजे जन्मताच एक वर्ष धरून. आजच्या हिशेबाने ती बारा-तेरा वर्षांची भरते. १९०० च्या देशव्यापी नियमाने वेश्येच्या नोंदणीचे किमान वय अठरा ठरले. इचियोंच्या काळात तोक्योतील मर्यादा त्याहून कमी होती, तरी चौदा वर्षांच्या मुलीला परवाना मिळणे शक्य नव्हते. कायदा आणि व्यवहार यांत अंतर असते हे खरे. १८७२ च्या आदेशानंतर वेश्यागृहांना 'भाड्याच्या खोल्या' असे नवे नाव मिळाले आणि व्यवसाय आगाऊ कर्जाच्या जोरावर पूर्वीसारखाच सुरू राहिला. त्यामुळे परवान्याचे वय हा निर्णायक पुरावा ठरत नाही. तो फक्त सातांच्या वाचनाचे ओझे वाढवतो.

त्या दिवसाचे वातावरणही पाहण्यासारखे आहे. तोरी नो इचीच्या दिवशी ओओतोरी देवळाच्या गर्दीचे निमित्त करून तरुणांच्या झुंडी ज्या दरवाजाने योशिवारात घुसतात, तो वेश्यांच्या आरोग्य तपासणीच्या ठाण्याचा दरवाजा असल्याचे इचियो नोंदवतात. एरवी वस्तीभोवती ओहागुरो खंदक आहे आणि ये-जा मुख्यतः मोठ्या दरवाजातून होते. मुलांच्या सणाची वाट सरकारी तपासणीच्या दारातून जावी, हा तपशील एका ओळीत येऊन जातो आणि सहज निसटतो. माएदांनी शिकवलेल्या पद्धतीने नकाशा हातात घेऊन वाचणाऱ्याच्या नजरेतून मात्र तो निसटत नाही.

या सर्वांचा विचार करून मला असे वाटते, की घटना म्हणून न्हाणाची बाजू अधिक सुसंगत आहे, पण सातांनी शेवटाचे जे वजन मागितले, ते फक्त घटनेने येत नाही. वेश्यागृहाच्या मालकाच्या घरात राहणाऱ्या मुलीचे न्हाण ही कधीही तिची खासगी बाब नसते. तिच्यावर खर्च करणाऱ्यांच्या दृष्टीने तो व्यवहाराचा पुढचा टप्पा असतो. शिमादा अंबाडा तिच्या डोक्यावर बहिणीच्या खोलीत चढतो तो यामुळेच. आई हसते त्यामागेही काळजी मिटल्याचा भाव असू शकतो. दोन्ही बाजू एकाच वस्तुस्थितीचे दोन टप्पे दाखवत होत्या. तोरी नो इचीचा तो दिवस कोणत्या टप्प्यात पडतो, एवढ्यावर त्यांचे भांडण झाले.

मराठी वाचकाला हे समजायला वेळ लागू नये. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्या-मुंबईत जे वादळ उठले, त्याचा गाभा हाच होता. मुलीचे न्हाण आणि त्यानंतरचा गर्भाधानविधी हा घराचा आणि धर्माचा प्रश्न, की कायद्याचा? संमतीचे वय दहावरून बारा करण्याच्या त्या चर्चेत मुलीचे शरीर ही सार्वजनिक वादाची गोष्ट झाली होती. इचियोंची कथा त्यानंतर चारच वर्षांनी, दुसऱ्या देशात, अगदी वेगळ्या संस्थेच्या संदर्भात लिहिली गेली, तरी न्हाण म्हणजे शरीराची एक साधी घटना, एवढ्यावर थांबण्याची चूक मराठी विद्यार्थी सहसा करत नाही, असा माझा अनुभव आहे.

वर्गात हे प्रकरण

पुण्यात आज जपानी भाषा शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि सर्वांत वरची एन१ परीक्षा उत्तीर्ण झालेले अनेक जण कंपन्यांत अनुवादक म्हणून काम करतात. परंतु त्या परीक्षेच्या अभ्यासात जुनी लेखी भाषा, बुंगो, येत नाही. त्यामुळे 'ताकेकुराबे'चे पहिले पान उघडल्यावर चांगल्या विद्यार्थ्यालाही धक्का बसतो. मोठ्या दरवाजाजवळच्या मागे वळून पाहण्याच्या विलो झाडापासून ओहागुरो खंदकात उतरलेल्या तीन मजली घरांच्या दिव्यांपर्यंत पोहोचणारे ते वाक्य संपता संपत नाही. संवादाला अवतरणचिन्हे नाहीत, परिच्छेद तुटत नाहीत, आणि कोण बोलत आहे हे क्रियापदाच्या आदरार्थी रूपावरून आणि बोलीवरून ओळखावे लागते. सायडेनस्टिकर (१९५६) आणि डॅन्ली (१९८१) यांचे इंग्रजी अनुवाद हाताशी असतात आणि दोन्ही मोलाचे आहेत, पण संवादाला अवतरणचिन्हे घालून कोण काय बोलले याचा निर्णय अनुवादकाने आधीच केलेला असतो. कावाकामी मिएको यांचे २०१५ चे आधुनिक जपानी रूपांतरही मूळ पाठाच्या आधी वाचायला देणे मला पटत नाही, कारण मग विद्यार्थी मूळ वाचताना शोध घेण्याऐवजी ताडून पाहत बसतो.

माएदांच्या १९६२ च्या लेखाचा उपयोग इथे होतो. पंधरावे प्रकरण वर्गात मोठ्याने वाचायला लावावे, आणि निवेदक, मिदोरी, शोता आणि आई यांचे आवाज विद्यार्थ्यांनी वाटून घ्यावेत. डोळ्यांनी वाचताना गोंधळलेले वाक्य आवाजात आले की कुठे तोडायचे ते बहुतेक वेळा लक्षात येते. ज्या ठिकाणी दोघांना एकाच ओळीवर हक्क सांगावासा वाटतो, तिथे कथेतील खरी संदिग्धता सापडते. मोठे होणे नको, हे मिदोरी मनात म्हणते की निवेदक तिच्या वतीने म्हणतो? हा प्रश्न वाचनातून आपोआप उभा राहतो आणि तो सातांच्या शंकेशी थेट जोडलेला आहे, कारण तिला काय झाले हे तिच्या आवाजात कुठेच सांगितलेले नाही.

दुसरी बाब हप्त्यांची. मूळ वाचकांनी ही कथा वर्षभरात तुकड्यांनी वाचली. मार्चनंतर थेट ऑगस्टमध्ये पुढचा भाग आला. चिखलाची चप्पल आणि शिमादा अंबाडा यांच्यामध्ये त्यांच्यासाठी महिन्यांचे अंतर होते, त्यामुळे मिदोरीतील बदल त्यांना आजच्या सलग वाचकाइतका अचानक वाटला नसावा, असा माझा तर्क आहे. हप्त्यांच्या सीमा पानावर खुणा करून दाखवल्या, तर इतका मोठा बदल एका दिवसात कसा, या मूळ प्रश्नाचे स्वरूपच बदलते.

वाद शिकवताना मी माएदा आणि साता यांची मते आधी सांगत नाही. आधी सोळाही प्रकरणे, मग योशिवाराचा जुना नकाशा, मग कायद्याची वर्षे आणि शेवटी 'गुन्झो'मधला वाद. मते आधी सांगितली की विद्यार्थी पक्ष निवडतात आणि पाठात त्या पक्षाचे पुरावे हुडकत बसतात. तज्ज्ञांचेही असे होते, म्हणून या क्रमाला माझ्या लेखी महत्त्व आहे.

पुढील अभ्यासासाठी सर्वांत फलदायी जागा मला मिदोरीपेक्षा तिच्या आईवडिलांत दिसते. आठव्या प्रकरणात थोड्याच शब्दांत असे सांगितले आहे, की थोरल्या मुलीच्या विक्रीच्या वेळी तिला पारखायला आलेल्या वेश्यागृहाच्या मालकाच्या बोलावण्यावरून आईवडील आणि मिदोरी आपला प्रांत सोडून तोक्योला आले. आता ते त्याच्या घराची देखभाल करतात, आई वेश्यांचे कपडे शिवते आणि वडील एका लहान वेश्यागृहात कारकुनी करतात. या दोन्हींच्या मध्ये निवेदक एक छोटासा शेरा मारून पुढे जातो, की याच्या पलीकडे आत आणखी काय आहे कोण जाणे. त्याआधी तिसऱ्या प्रकरणात आपण पाहिलेले असते, की वर्गातल्या वीस मुलींना एकसारखे रबरी चेंडू वाटण्याइतके पैसे मिदोरीच्या हातात खेळतात. त्या काळात रबरी चेंडू ही नवलाची वस्तू होती. दाइकोकुयाच्या मालकाने हा खर्च कोणत्या हिशेबात धरला असेल, या प्रश्नाकडे १९८५ च्या वादात तुलनेने कमी लक्ष गेले. आगाऊ कर्जाच्या करारांचे जे नमुने आज उपलब्ध आहेत, ते या आठव्या प्रकरणाशेजारी ठेवून वाचणे हे पुढच्या अभ्यासकाचे काम आहे.